कृष्णधवल छायाचित्रांचे अंकीकरण व रंगपद्धतीची निवड : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
जुन्या छायाचित्रांचे स्कॅनिंग करताना 'छायाचित्र कृष्णधवल आहे, म्हणून ग्रेस्केल पद्धत पुरेशी आहे' असे अनेकदा गृहीत धरले जाते. हा निर्णय वरकरणी तांत्रिक वाटला तरी वस्तुतः तो इतिहासाच्या साधनाविषयीचा निर्णय आहे, हे मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या शहरातील आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक होत. त्या काळात अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद प्रचारात आला. फ्रान्समध्ये ब्लांकार-एव्हरार यांनी तो १८५० मध्ये पुढे आणला होता. या कागदावरील छायाचित्र काटेकोर अर्थाने कृष्णधवल नसते. त्यातील गडद भाग तपकिरी वा जांभळट असतो, तर उजळ भाग काळानुरूप पिवळा पडतो. ही छटा छपाईची प्रक्रिया, सुवर्णक्षारांचा वापर आणि झीज यांविषयी पुरावा देते.

रंगपद्धतींचे स्वरूप :
१९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी संगणकावर उतरविलेले पहिले छायाचित्र १७६ × १७६ बिंदूंचे होते. आजच्या ८ बिट ग्रेस्केलमध्ये प्रत्येक बिंदूस करड्या रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात. आरजीबीमध्ये लाल, हिरवा व निळा यांची स्वतंत्र नोंद होते. साहजिकच एक कोटी बिंदूंची असंकोचित फाईल १० ऐवजी ३० मेगाबाइट जागा घेते.
ग्रेस्केलमध्ये रूपांतर करताना सामान्यतः लाल ३०, हिरवा ५९ व निळा ११ टक्के असे भारांक वापरतात. त्यांचे मूळ अमेरिकेच्या १९५३ च्या रंगीत दूरचित्रवाणी मानकात आहे. या हिशेबाने २५५ मूल्याचा शुद्ध लाल आणि १३० मूल्याचा शुद्ध हिरवा या दोहोंची करडी छटा सुमारे ७६ येते. म्हणजेच लाल शिक्का आणि हिरव्या शाईतील टीप यांतील भेद पुसला जातो व तो पुन्हा मिळविता येत नाही.

समारोप :
अंकीकरणानंतर मूळ प्रत सहसा हाताळणीतून काढली जाते आणि पुढील संशोधकास फाईलवरच विसंबावे लागते. म्हणून संग्रहाची मूळ फाईल आरजीबीमध्ये, रंगपट्टीसह जतन करावी. एका रंगातील छपाईसाठी तिची ग्रेस्केल प्रत काढावी. आरजीबीतून ग्रेस्केल केव्हाही मिळते. ग्रेस्केलमधून गेलेला रंग मात्र परत येत नाही.