खिचडी : खैरात नव्हे, हक्क

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना पालकसभेत आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमचा मुलगा शाळेतली खिचडी खाणार नाही, आम्ही काही खैरातीवर जगत नाही." नौपाड्यातल्या सुशिक्षित शेजाऱ्यांनाही ही योजना म्हणजे गरिबांवरची मेहेरबानीच वाटते. या खिचडीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१९२० साली मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना खाणे देण्याचा ठराव केला. तेव्हा जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी महापालिकेचे अध्यक्ष होते. खर्चाची मर्यादा होती दर मुलामागे रोज एक आणा. हेतू सरळ होता : गरिबांची मुले शाळेत यावीत आणि टिकावीत. पुढे १९५६ मध्ये कामराज यांनी आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याच राज्यात ही योजना वाढवली.

देशपातळीवर योजना आली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आपल्याकडे तेव्हा शिजलेले अन्न नव्हते. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे. पालक पिशवी घेऊन रांगेत उभे राहत. तो तांदूळ घरच्या हंडीत जाई, सर्वांच्या वाट्याला येई, आणि वर्गात मूल उपाशीच बसे.

२००१ मध्ये सरकारी गोदामे धान्याने भरलेली असताना दुष्काळी भागांत माणसे भुकेली होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला : प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांकांचे व ८ ते १२ ग्रॅम प्रथिनांचे शिजवलेले जेवण द्या. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने तर स्वयंपाकाच्या कामात दलित व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना प्राधान्य द्यायला सांगितले. एका दस्तरखानावर भेद न करता बसण्याची तालीम आपल्या घरांत मिळते. तीच गोष्ट न्यायालयाने शाळेच्या पंगतीत आणली.

आपल्या कौमसाठी हा प्रश्न लहान नाही. ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली, असे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले. राबोडी-मुंब्र्यातल्या मजुराच्या घरी सकाळची चूल उशिरा पेटते. अशा मुलाला दुपारची थाळी शाळेत धरून ठेवते, हे आम्ही रोज पाहतो.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांचे हे जेवण हक्क ठरवले. २०१५ च्या नियमांनुसार एखाद्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर त्या दिवसाचे धान्य व शिजवण्याचा खर्च पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला द्यावा लागतो. हा नियम किती पालकांना ठाऊक आहे? २०२१ पासून योजनेचे नाव 'पीएम पोषण' झाले, पण हक्क तोच आहे.

खैरात म्हटली की माणूस मान खाली घालतो, हिशेब विचारत नाही. हक्क म्हटला की विचारतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात आणि निम्मे सदस्य स्त्रिया. आपल्या माता-भगिनींनी त्या बैठकीला जावे, खिचडी चाखावी, डाळ पातळ असेल तर बोलावे. मुलाला थाळीपासून दूर ठेवण्याने इज्जत वाढत नाही. थाळी चांगली असावी असा आग्रह धरण्यात खरी इज्जत आहे.