डिशवॉशर डिटर्जंटला स्वस्त घरगुती पर्याय: काय चालते, काय चालत नाही?

डिशवॉशर घेताना किमतीचा विचार सगळेच करतात, पण पावडर, टॅब्लेट, मीठ आणि रिन्स एड यांचा महिन्याचा खर्च नंतर लक्षात येतो. मग सोडा, लिंबूसत्त्व, व्हिनेगर असे घरगुती उपाय शोधले जातात. यांपैकी काही खरोखर उपयोगी आहेत, तर काहींमुळे यंत्राचे नुकसान होते. नशिराबाद, जळगाव, भुसावळ या भागात एक गोष्ट आणखी महत्त्वाची ठरते, ती म्हणजे पाणी.

डिशवॉशर डिटर्जंटमध्ये काय असते?

हाताने भांडी घासताना तेलकटपणा काढण्याचे बरेचसे काम आपला जोर आणि घासणी करते. यंत्रात घासणी नसते. तिथे गरम पाण्याचा फवारा आणि रसायने हे काम करतात. त्या रसायनांचे चार मुख्य गट असे:

- अल्कली: बहुधा धुण्याचा सोडा. तो तेल-तूप सोडवतो.
- पाण्यातील क्षार धरून ठेवणारे घटक, उदा. सोडियम सायट्रेट.
- एन्झाइम: भाकरीचे वाळलेले पीठ, वरण, दूध, अंडे यांचे थर तोडतात.
- ऑक्सिजन सोडणारे ब्लीच: चहाचे आणि हळदीचे डाग फिके करते.

यांपैकी पहिले दोन गट घरी स्वस्तात जमवता येतात. एन्झाइमला मात्र स्वयंपाकघरात पर्याय नाही. म्हणून घरगुती मिश्रणाने ताट-वाट्या स्वच्छ निघतात, पण साय धरलेले दुधाचे पातेले तसेच राहू शकते.

आधी पाणी तपासा

खानदेशात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडावर बसणारा पांढरा थर त्याचाच. भारतीय मानकानुसार (आयएस 10500) पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते.

अशा पाण्यात नुसता सोडा टाकला की तो कॅल्शियमशी संयोग पावतो आणि पांढरी भुकटी तयार होते. ती काचेच्या ग्लासांवर आणि यंत्राच्या आत बसते. एखादी कृती पुण्यातल्या घरात चालली, पण नशिराबादच्या बोअरच्या पाण्यावर फसली, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर दोन बाटल्या घ्या. एकीत आरओचे पाणी आणि दुसरीत नळाचे पाणी घाला. दोन्हींत अंगाच्या साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. नळाच्या पाण्याला फेस कमी आणि साका जास्त आला, तर पाणी जड आहे.

चालणारे पर्याय

धुण्याचा सोडा आणि सोडियम सायट्रेट: सर्वात भरवशाचा स्वस्त पर्याय हाच. कोरडा सोडा दोन भाग आणि सायट्रेट एक भाग घ्या. एका फेरीला यातले 20 ग्रॅमच्या आसपास पुरते. बाजारात सोडा दोन प्रकारांत मिळतो. स्फटिकांच्या सोड्यात वजनाच्या सुमारे 63 टक्के पाणीच असते, त्यामुळे कोरडी पावडर घेतलेली परवडते.

लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड): हे सोड्यात कालवून भरून ठेवू नका. दमट हवेत दोन्हींची क्रिया होऊन वायू सुटतो, गोळे होतात आणि दोघांची ताकद जाते. लिंबूसत्त्वाचा खरा उपयोग यंत्र साफ करण्यासाठी आहे. महिन्या-दोन महिन्यांनी रिकाम्या यंत्रात दोन-तीन मोठे चमचे टाकून गरम पाण्याची फेरी चालवा. त्या वेळी डिटर्जंट घालू नका.

ऊन: हळदीने पिवळे झालेले प्लास्टिकचे डबे धुऊन उन्हात ठेवा. हळदीचा रंग प्रकाशाने उडतो. खानदेशातल्या उन्हात हे काम फुकट होते.

हे यंत्रात घालू नका

- भांड्यांचा साबण किंवा लिक्विड: फेस होऊन पंपाचा दाब पडतो आणि पाणी बाहेर येऊ शकते. रिठा आणि शिकेकाईलाही हेच लागू होते.
- राख: राखेतही अल्कली असते, म्हणून हाताने घासायला ती उत्तम. पण तिच्यातले न विरघळणारे कण जाळीत आणि फवाऱ्याच्या भोकांत अडकतात. केळीच्या खुंटाची राखही याला अपवाद नाही.
- खाण्याचा सोडा: धुण्याच्या सोड्यापेक्षा खूप सौम्य. एकटा वापरला तर तेलकट भांडी निघत नाहीत.
- रिन्स एडच्या टाकीत व्हिनेगर: वारंवार वापरल्यास रबरी भाग खराब होऊ शकतात. त्यापेक्षा फेरी संपताच दार थोडे उघडा. वाफ निघून जाते आणि पाण्याचे डाग कमी पडतात.
- मिठाच्या टाकीत स्वयंपाकाचे मीठ: त्यात मीठ मोकळे ठेवणारे पदार्थ मिसळलेले असतात. तिथे शुद्ध, जाड दाण्याचे डिशवॉशर मीठच घाला.

खरी बचत कुठे?

डिटर्जंट बदलण्याआधी यंत्राची पाण्याची सेटिंग पाहा. ती जड पाण्यानुसार लावली आणि मीठ वेळेवर भरले, तर कमी पावडरीत भांडी निघतात.

टॅब्लेटपेक्षा पावडर बहुधा स्वस्त पडते आणि भांडी कमी असतील तेव्हा मात्रा कमी करता येते. हिशेब सोपा आहे: फेरीला 20 ग्रॅम लागत असतील, तर किलोच्या भावाला 50 ने भागा. तोच एका फेरीचा खर्च.

मधला मार्गही आहे. रोजच्या ताट-वाट्यांना घरगुती मिश्रण आणि शेवभाजीच्या तर्रीची किंवा दुधाची भांडी असतील त्या दिवशी तयार पावडर. त्यात एन्झाइम मिळतात आणि खर्चही आटोक्यात राहतो.

ही काळजी घ्या

सोड्याने ॲल्युमिनियम काळे पडते. तांब्या-पितळेची आणि कल्हईची भांडी, बिडाचा तवा, लाकडी पोळपाट हाताने धुवा. मांड्यांचे मातीचे खापर तर यंत्रात अजिबात नको, कारण माती डिटर्जंट शोषून घेते.

धुण्याचा सोडा साखर-मिठासारखा दिसतो. तो पोटात किंवा डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. डब्यावर नाव लिहा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. क्लोरीनचे ब्लीच लिंबूसत्त्वात किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

यंत्र वॉरंटीत असेल, तर घरगुती मिश्रण वापरण्याआधी त्याची पुस्तिका वाचा. घरगुती डिटर्जंटमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसला नाही, तर दुरुस्तीच्या एकाच बिलात अनेक महिन्यांची बचत जाते.