हँडल गेले, बटण आले

मोटारीची काच बटणाने वर-खाली करण्याची सोय अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० मध्ये आणली. तेव्हा हे काम तेलाच्या दाबावर चाले. महाराष्ट्रात मात्र पुढची अनेक दशके हँडलच चालले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची काच हातानेच फिरवावी लागे. पुण्यात तयार झालेल्या टाटा सिएरात १९९१ मध्ये पॉवर विंडो आल्या आणि गॅरेजचे काम बदलले. हँडलचा बिघाड हाताला कळे. बटणाचा शोधावा लागतो. म्हणूनच फिटरइतकीच ऑटो इलेक्ट्रिशियनचीही गरज वाढली.

काच हलेनाशी झाली की जुन्या गाडीत तपासणी फ्यूजपासून सुरू होते. मग बटण दाबून आतल्या दिव्याकडे पाहतात. दिवा किंचित मंदावला, तर मोटरला वीज मिळते आहे, पण काच बहुधा अडकली आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष बहुधा स्विचमध्ये, मोटरच्या झिजलेल्या कार्बनमध्ये किंवा बिजागरीजवळच्या रबरी नळीत तुटलेल्या वायरमध्ये असतो. दार हजारो वेळा उघडल्याने ही वायर आतल्या आत तुटते. वरून ती शाबूत दिसते, आणि नवी मोटर उगाच विकत घेतली जाते. मोटर फिरते पण काच हलत नाही, तेव्हा बहुधा काच उचलणाऱ्या रेग्युलेटरची केबल तुटलेली असते.

परभणी, झरीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात धूळ काचेच्या रबरी खाचेत बसते आणि मोटरवर ताण येतो. या खाचेत ग्रीस भरू नये, त्याला धूळ आणखी चिकटते. खाच पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा.