मारिनालेदा: पीक निवडताना आधी हात मोजणारं गाव

आजचा भाग एका कबुलीने सुरू करतो. मी सॉफ्टवेअरवाला. मागे एकदा मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि चार जणांचं दोन दिवसांचं काम वीस मिनिटांवर आलं. मला शाबासकी मिळाली. त्या चौघांचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलंच नाही. म्हणून आजची गोष्ट मला जरा टोचते.

दक्षिण स्पेनमध्ये आंदालुसिया नावाचा प्रदेश आहे. तिथल्या सेव्हिल प्रांतात मारिनालेदा हे जेमतेम 2,700 वस्तीचं गाव. इथली जमीन पिढ्यानपिढ्या मोजक्या उमरावांच्या ताब्यात होती. बाकी सगळे रोजंदारीवर. ऑलिव्हची तोडणी असली की काम, एरवी घरी बसायचं. हुकूमशहा फ्रँको 1975 मध्ये गेला, पण मजुराच्या हातात जमीन काही आली नाही.

1979 मध्ये गावात निवडणूक झाली आणि हुआन मानुएल सांचेझ गोर्दियो हा तिशीतला इतिहासाचा शिक्षक महापौर झाला. ऑगस्ट 1980 मध्ये गावातल्या सुमारे 700 लोकांनी उपोषण केलं. त्यांनी त्याला नाव दिलं होतं, भुकेविरुद्धचं उपोषण. मग नजर गेली इन्फान्तादोच्या ड्यूकच्या ‘एल उमोसो’ या जमिनीवर. गावापासून ही जमीन बरीच लांब. लोक चालत जायचे, ठिय्या द्यायचे. पोलीस हुसकावून लावायचे. लोक पुन्हा जायचे. असं वर्षानुवर्षं चाललं! त्यांची दुसरी मागणी होती पाण्याची. कारण सरळ आहे: कोरडवाहू जमिनीत वर्षभर काम निघत नाही.

शेवटी 1991 मध्ये आंदालुसियाच्या सरकारने ड्यूकला मोबदला देऊन 1,200 हेक्टर जमीन गावासाठी मोकळी केली. ती कुणाच्या सातबाऱ्यावर चढली नाही, असं आपल्या भाषेत म्हणू या. तुकडे पाडून वाटणीही झाली नाही. कसण्याचा हक्क गावाच्या सहकारी संस्थेकडे आला.

आता इथे खरी गंमत आहे. गहू किंवा सूर्यफूल लावलं असतं तर दोन-चार यंत्रांत काम उरकलं असतं. गावाने मुद्दाम उलटं केलं. ऑलिव्ह, आर्टिचोक, मिरची अशी पिकं निवडली, ज्यांना लावणीपासून तोडणीपर्यंत माणसं लागतात. पुढे माल डबाबंद करायचा कारखाना गावातच काढला, म्हणजे शेतातून निघालेला माल आणखी काही हातांना काम देईल. 2012-13 च्या सुमारास रोज 47 युरो मिळायचे, शेतात साडेसहा तास काम, आणि मजुरी सगळ्यांना सारखी. काम कमी पडलं की पाळीपाळीने वाटून घ्यायचं. त्याच काळात स्पेनमध्ये बेरोजगारी 25 टक्क्यांच्या वर गेली होती आणि आंदालुसियात त्याहूनही जास्त होती. घरांचंही तसंच. सरकार सामान द्यायचं, बांधायला लोक स्वतः राबायचे, आणि हप्ता महिन्याला सुमारे 15 युरो असायचा.

योगायोग बघा. गोर्दियो निवडून आला त्याच 1979 सालच्या 26 जानेवारीला महाराष्ट्रात रोजगार हमी कायदा लागू झाला. काम हा हक्क आहे, असं दोन्हीकडे म्हटलं गेलं. फरक एवढाच की आपल्याकडे मजुराला काम सरकारकडे मागावं लागतं, आणि मारिनालेदाने काम निर्माण करणारी जमीनच मागितली.

आता तुम्ही म्हणाल, सगळं गोड गोड सांगतोय. तर नाही. काम सगळ्यांना कायम पुरतं असं नाही. रिकाम्या महिन्यांत इथले शेतमजूरही सरकारी भत्त्यावर असतात. घरांचं सामान सरकारचं, जमीनही सरकारनेच घेऊन दिलेली. म्हणजे ज्या व्यवस्थेशी भांडले, तिच्याच पैशांचा आधार. शिवाय गोर्दियो 2023 पर्यंत, तब्बल 44 वर्षं महापौर होता. निर्णय गावसभेत व्हायचे हे खरं, पण एकच माणूस इतकी वर्षं पुढे असेल तर सभेत उभं राहून ‘नाही’ म्हणणं किती सोपं असेल?

तरीही मला एक गोष्ट सोडवत नाही. आम्ही कोड लिहिताना आधी ठरवतो की नेमकं काय कमी करायचं आणि काय वाढवायचं. मजुरीचा खर्च कमी करायचा, हे मी इतकी वर्षं निसर्गनियमासारखं धरून चाललो होतो. मारिनालेदाने एका हेक्टरमागे किती जणांना काम मिळेल, हा आकडा वाढवायचा ठरवला. शेत तेच, गणित वेगळं. त्यात तोटाही असेल, पण तो कुणी सोसायचा हे त्यांनी सभेत बसून ठरवलं.

तुमच्या ऑफिसात, शेतात, दुकानात हा आकडा कोण ठरवतं? आणि ठरवताना तुम्हाला विचारतं का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!