हंगेरीच्या नावापुढचं शून्य

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. लोकलच्या गर्दीत ज्यांचे इअरफोन निघून पडतात, त्यांच्यासाठी खास.

मागे आपण रेआल माद्रिदच्या १५ युरोपियन किताबांबद्दल बोललो होतो. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, की देशांप्रमाणे यादी केली तर काय दिसतं? यादी करणं सोपं आहे. युरोपियन कप (म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग), कप विनर्स कप आणि युएफा कप (म्हणजे आजची युरोपा लीग) या तीन जुन्या, मोठ्या स्पर्धांचे विजेते घ्यायचे आणि देशवार बेरीज करायची. स्पेन, इंग्लंड, इटली वर येणार, यात नवल नाही. पण जरा खाली या. हंगेरीसमोर किती? शून्य.

आता हंगेरी म्हणजे कोण, हे आधी सांगतो. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर जाऊन इंग्लंडला ६-३ हरवणारा संघ. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला तेच इंग्लंड ७-१ हरलं. फेरेंत्स पुश्काश, शांदोर कोचिश, झोल्तान त्सिबोर ही मंडळी या संघात होती. १९५४ चा वर्ल्ड कप ते अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून ३-२ हरले, तेव्हा जगाला धक्का बसला. अशा देशाच्या क्लबांनी युरोपात काहीच जिंकलं नाही? आकडा तर तेच म्हणतो. म्हणून आज या शून्याच्या मागे जाऊ.

गंमत अशी, की युरोपियन कपची कल्पनाच एका हंगेरियन क्लबच्या पराभवातून पुढे आली. १३ डिसेंबर १९५४. इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये फ्लडलाइटखाली वुल्व्ह्ज विरुद्ध होनवेड. होनवेड हा हंगेरीच्या सैन्याचा क्लब. पुश्काश, कोचिश, त्सिबोर सगळे तिथेच. होनवेडने पाव तासात २-० आघाडी घेतली. मग चिखल झालेल्या मैदानावर वुल्व्ह्जने ३-२ असा सामना फिरवला. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी लगेच त्यांना जगज्जेते ठरवून टाकलं. पॅरिसमध्ये ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाचा संपादक गाब्रिएल हानो याला हे काही पटलं नाही. त्याचं म्हणणं, आधी मॉस्को आणि बुडापेस्टला जाऊन खेळा, मग बोला. आणि खरंच ठरवायचं असेल तर क्लबांची एक युरोपियन स्पर्धा घ्या.

स्पर्धा झालीही. ४ सप्टेंबर १९५५ ला लिस्बनमध्ये पहिला सामना झाला, स्पोर्टिंग ३, पार्टिझान ३. तीन दिवसांनी बुडापेस्टच्या वोरोश लोबोगो क्लबने अँडरलेख्टला ६-३ हरवलं आणि त्यांच्या पेतेर पालोताशने स्पर्धेच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक केली. म्हणजे सुरुवात जोरदार होती.

मग १९५६ आलं. २३ ऑक्टोबरला बुडापेस्टमध्ये सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव झाला आणि ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. होनवेडचा संघ तेव्हा देशाबाहेर होता, कारण युरोपियन कपमध्ये त्यांना अ‍ॅथलेटिक बिल्बाओशी खेळायचं होतं. पहिला सामना स्पेनमध्ये ३-२ हरले. दुसरा खरं तर बुडापेस्टला व्हायचा, पण त्या शहरात फुटबॉल खेळण्यासारखी परिस्थितीच नव्हती. तो २० डिसेंबरला ब्रसेल्समध्ये झाला. होनवेडचा गोलकीपर जखमी झाला. तेव्हा बदली खेळाडूची सोय नसायची, म्हणून विंगर त्सिबोर गोलमध्ये उभा राहिला. तरी ३-३ अशी बरोबरी झाली. एकूण ६-५ ने होनवेड बाहेर.

नोंदवहीत हा सामना एका ओळीत संपतो. त्या ओळीत रणगाडे दिसत नाहीत. सामना परक्या शहरात का झाला, तेही दिसत नाही. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर त्यानंतर घरी परतले नाहीत. त्यांच्यावर खेळण्याची बंदी आली. बंदी संपल्यावर, १९५८ मध्ये, पुश्काश ३१ व्या वर्षी रेआल माद्रिदकडे गेला, तर कोचिश आणि त्सिबोर बार्सिलोनाकडे.

आता पुढचे तीन अंतिम सामने बघा.

१९६०, ग्लासगो. रेआल ७, आइनट्राख्ट फ्रँकफर्ट ३. पुश्काशचे चार गोल.

१९६१, बर्न. बेनफिका ३, बार्सिलोना २. बार्सिलोनाचे दोन्ही गोल कोचिश आणि त्सिबोरचे. मैदान तेच, जिथे हे दोघं १९५४ चा वर्ल्ड कप हरले होते. स्कोअरही तोच, ३-२.

१९६२, अ‍ॅमस्टरडॅम. बेनफिका ५, रेआल ३. रेआलचे तिन्ही गोल पुश्काशचे. अंतिम सामन्यात हॅटट्रिक करून हरला बिचारा! पण युरोपियन कपच्या दोन अंतिम सामन्यांत हॅटट्रिक करणारा तो आजही एकटाच आहे.

आणि दोन्ही वेळा जिंकलेल्या बेनफिकाचा प्रशिक्षक कोण? बेला गुटमान. जन्म बुडापेस्टचा.

हिशोब करा. सलग तीन अंतिम सामने, हंगेरियन खेळाडूंचे नऊ गोल, एका हंगेरियन प्रशिक्षकाचे दोन किताब. आणि हंगेरीच्या खात्यात? शून्य. कारण किताब क्लबच्या नावावर लागतो आणि क्लब माद्रिदचा, बार्सिलोनाचा, लिस्बनचा. नियम म्हणून हे बरोबरच आहे, तक्रार नाही. पण ‘हंगेरियन फुटबॉल क्लब पातळीवर कमी पडलं’ असा निष्कर्ष कोणी या आकड्यावरून काढला, तर तो चुकेल.

इथवर शून्य तरी खरं होतं. आता पुढचा मुद्दा, आणि माझ्या मते हाच जास्त महत्त्वाचा.

२३ जून १९६५. तुरीन. इंटर-सिटीज फेअर्स कपचा अंतिम सामना, युव्हेंटस विरुद्ध बुडापेस्टचा फेरेन्त्सवारोश. सामना एकच आणि तोही युव्हेंटसच्या शहरात. उत्तरार्धात माते फेन्वेशीने गोल केला आणि फेरेन्त्सवारोश १-० जिंकलं. हा फेन्वेशी शिक्षणाने जनावरांचा डॉक्टर. उपांत्य फेरीत याच संघाने मँचेस्टर युनायटेडला बाहेर काढलं होतं. साधंसुधं युनायटेड नाही, लॉ, चार्लटन, बेस्ट असलेलं, त्याच वर्षी इंग्लिश लीग जिंकलेलं. दोन सामन्यांत फैसला झाला नाही म्हणून तिसरा खेळला, तो फेरेन्त्सवारोशने २-१ जिंकला.

मग हा कप यादीत का नाही? कारण फेअर्स कप युएफा चालवत नव्हती. तो १९५५ मध्ये सुरू झाला, व्यापारी प्रदर्शनं भरवणाऱ्या शहरांसाठी. सुरुवातीला एका शहराचा एकच संघ असायचा आणि पहिली स्पर्धा संपायला तीन वर्षं लागली. १९७१ मध्ये तो बंद होऊन त्याच्या जागी युएफा कप आला. युएफा आपल्या अधिकृत नोंदीत फेअर्स कप धरत नाही.

युएफाची बाजू समजते. आयोजक वेगळे, प्रवेशाचे नियम विचित्र. पण पहिला युरोपियन कप तरी कसा होता? त्यातले १६ क्लब ‘लेकिप’ने बोलावलेले होते. सगळे आपापल्या देशाचे विजेतेही नव्हते. स्कॉटलंडचा हिबर्नियन आदल्या मोसमात लीगमध्ये पाचवा होता आणि तरी खेळला. फरक इतकाच, की ती स्पर्धा युएफाने चालवायला घेतली आणि पहिल्या दिवसापासूनची मोजली.

मी पोटापाण्यासाठी दिवसभर डेटाबेस सांभाळतो. तिथे एक गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकवतात, ‘शून्य’ वेगळं आणि ‘नोंद नाही’ वेगळं. खात्यात शून्य रुपये आहेत आणि खातंच उघडलेलं नाही, या दोन बातम्या एक नव्हेत. फेरेन्त्सवारोशने कप जिंकला नाही असं नाही, तो मोजायचा नाही असं ठरलं. पण कोष्टकात दोन्ही सारखेच दिसतात.

याचा फटकाही सगळ्यांना सारखा बसत नाही. बार्सिलोनाचे तीन फेअर्स कप गळाले, पण त्यांच्याकडे पाच युरोपियन कप आहेत, काही बिघडत नाही. फेरेन्त्सवारोशकडे युरोपातलं मोठं विजेतेपद तेवढंच. ते गाळलं की फक्त त्या क्लबचं नाही, अख्ख्या देशाचं खातं रिकामं होतं.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी रीलवर ‘सर्वाधिक किताब’, ‘इतिहासात पहिल्यांदाच’ असं काही दिसलं, की दोन प्रश्न विचारा. मोजलं कोणी? आणि कुठल्या तारखेपासून, कुठली स्पर्धा धरून? आकडा खोटा असेलच असं नाही. पण त्याच्या आधी कोणीतरी एक चाळणी लावलेली असते आणि चाळणीतून काय पडलं ते कोष्टकात येत नाही.

जाता जाता एक. २०२६ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यासाठी युएफाने बुडापेस्टचं मैदान निवडलं. मैदानाचं नाव? पुश्काश अरेना.

पुढच्या भागात नाणेफेकीवर निकाल लागलेल्या सामन्यांबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या, आणि मॅचसाठी जागणार असाल तर सकाळचा अलार्म लावायला विसरू नका!