हवामानाधिष्ठित संघरचना
पोकेमॉन या जपानी व्हिडिओ-खेळमालिकेतील स्पर्धात्मक द्वंद्वात पाऊस, कडक ऊन, वाळूचे वादळ वा हिम यांपैकी एकाचा अंमल रणांगणावर बसवून त्याच्या आश्रयाने सहा प्राण्यांचा संघ उभारण्याची पद्धती. हवामान या खेळात १९९९ च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ आवृत्त्यांपासून दाखल झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते पर्जन्यसंघ हाच या रचनांत सर्वांत सुंदर होय. पेलिपर हा प्राणी उतरताच त्याच्या अंगच्या गुणाने पाऊस सुरू होतो, जलास्त्रांचे बळ दीडपट व अग्न्यस्त्रांचे निम्मे होते, आणि ‘स्विफ्ट स्विम’ हा गुण लाभलेल्या किंगड्राचा वेग दुप्पट होतो. २०१३ पासून अशा गुणजन्य पावसाची मुदत ५ फेऱ्यांची, ‘डॅम्प रॉक’ ही वस्तू बाळगल्यास ८ फेऱ्यांची ठरली. दोन्ही पक्षांचे हवामानकर्ते एकदमच उतरले, तर मंदगतीचा प्राणी मागाहून आपला अंमल बसवितो. यास्तव ऊन आणणाऱ्या संथ टॉरकोलासमोर जाणता खेळाडू पेलिपरला आरंभी राखून ठेवतो.