क्रोटन, पण क्रोटन नव्हे

शाळेच्या व्हरांड्यात किंवा बंगल्याच्या फाटकाशी लाल-पिवळ्या पानांचे क्रोटन आपण सर्वांनी पाहिले आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी मात्र ते क्रोटन नाहीच. खऱ्या क्रोटन प्रजातीतली आपल्या ओळखीची वनस्पती म्हणजे जमालगोटा! दोन्ही झाडे एरंडाच्या कुळातली. १७५३ साली लिनियसने दोघांनाही क्रोटन या एकाच प्रजातीत घातले, आणि बागवानांच्या तोंडी ते नाव बसले ते बसलेच.

कुंडीतल्या झाडाचे आजचे शास्त्रीय नाव कोडिएअम व्हेरिगेटम. त्यातले ‘कोडिएअम’ लिनियसच्याही आधीचे. आज इंडोनेशियात असलेल्या मोलुक्का बेटांवरील लोक या झाडाला ‘कोडिहो’ म्हणत. रुम्फियस या जर्मन माणसाने ते नाव लॅटिन वळणाने लिहून ठेवले. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो आंबोन बेटावर राहत असे. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात पत्नी व मुलगी दगावली. १६८७ च्या आगीत चित्रे जळाली. १६९२ मध्ये हस्तलिखित नेणारे जहाज फ्रेंचांनी बुडवले. बटाव्हियात एक प्रत करून ठेवली होती म्हणून ग्रंथ वाचला. ज्या झाडाची सारी ओळख रंगावरून, त्याची नोंद करणाऱ्याची शेवटची बत्तीस वर्षे अंधारात गेली. त्यानंतरही कंपनीने ग्रंथ दडपून ठेवला. प्रतिस्पर्ध्यांना त्यातली माहिती मिळू नये एवढाच हेतू. रुम्फियस १७०२ मध्ये वारला, आणि छपाई सुरू झाली १७४१ मध्ये. पुढे १८२४ साली आद्रियँ द जुस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही प्रजाती वेगळी मानली व तिला रुम्फियसचेच नाव दिले. आमच्या मते हा न्याय उशिराचा, पण योग्य.

त्या बेटांची उबदार, दमट, लख्ख उजेडाची हवा हे झाड अजून विसरलेले नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले की अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य कमी तयार होते, नवी पाने हिरवीच राहतात. थंडीचा कडाका किंवा कोरडी हवा लागली तर पाने गळतात. बियांपासून आईसारखे रोप येईलच असे नाही, म्हणून छाट किंवा गुटी कलमच लावतात.

एकाच झाडाच्या दोन छाटांपैकी, मुळे धरल्यावर, एक उन्हात व एक सावलीत ठेवावी आणि नव्या पानांचे रंग मुलांना वहीत टिपायला सांगावेत. कापताना निघणारा चीक मात्र हाताला लागू देऊ नये. त्याने कातडीची आग होते.